जुनी जीप, नवे इंजिन
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

दरवर्षी या व्यासपीठावरून संतसाहित्य, इतिहास, आरोग्य अशा विषयांवर आपण ऐकत आलो. यंदा कार्यकर्त्यांनी आम्हाला गाडीच्या इंजिनावर बोलायला सांगितले. आधी थोडा संकोच वाटला. मग वाटले, बसवकल्याणात या विषयाला परके कोण म्हणेल? सस्तापूर बंगल्यावरून गावाकडे वळले की ऑटोनगरातली ठोकाठोक कानावर येते. तिथे एकाच वाक्यात मराठी, कन्नड आणि उर्दू बोलली जाते आणि नट-बोल्टला तिन्ही भाषा कळतात. शरणांनी ज्या गावात कायकाचा, म्हणजे हाताच्या कामाचा, मोठेपणा सांगितला, तिथे मिस्त्रीच्या कामावर बोलण्यात कमीपणा कसला?

आम्हाला नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा: "घरी वडिलांच्या वेळची जीप उभी आहे. तिच्यात टर्बो डिझेल इंजिन बसवले तर कसे?" विचारणारा बहुतेक वेळा तरुण असतो. जीप आजोबांनी किंवा वडिलांनी सरकारी लिलावात घेतलेली असते. शेत काळ्या मातीत असते आणि पावसाळ्यात तिथे साधी गाडी जात नाही. जीप मोडीत काढायला मन धजत नाही.

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. इंजिन बसते. आपल्या मिस्त्रींच्या हाताला न बसणारे इंजिन क्वचितच सापडेल. पण इंजिन बदलले की गाडीच बदलते, आणि बाकीची गाडी त्या बदलाला तयार आहे का, हे पैसे मोजण्याआधी पाहायला हवे. एवढेच आज सांगायचे आहे. ते का, ते आता क्रमाने पाहू.

जीपचा जुना धडा

महिंद्र कंपनी १९४५ मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने सुरू झाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली. पुढे तहसीलदारापासून आरोग्य खात्यापर्यंत सरकारचे पाय म्हणजे जीप, अशी स्थिती कित्येक वर्षे होती.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे इंजिन २.२ लिटरचे, पेट्रोलचे आणि ६० अश्वशक्तीचे होते. पुढे कंपनीने त्याच मापाचे, पण व्हॉल्व्हची मांडणी बदललेले जास्त ताकदीचे इंजिन काढले. ते उंचीला मोठे होते आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून १९५३ च्या सीजे-३बी या जीपला बॉनेटच उंच करावे लागले. आपल्याकडे महिंद्रने वर्षानुवर्षे बनवलेली उंच नाकाची जीप ती हीच. म्हणजे जीपच्या मूळ कारखान्यालाही स्वतःचेच दुसरे इंजिन बसवताना गाडीचे तोंड बदलावे लागले. आपण तर दुसऱ्या गाडीचे इंजिन आणतो. काहीच बदलावे लागणार नाही, असे कसे होईल?

डिझेल का आले?

पेट्रोल जीप तहानलेली गाडी. डिझेल स्वस्त, आणि डिझेल इंजिन त्याच कामाला इंधनही कमी पिते. म्हणून गावोगावच्या गॅरेजांत पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवण्याची रीत पडली. पुण्याच्या फिरोदियांच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिचे मर्सिडीज-बेंझच्या परवान्याने बनणारे डिझेल इंजिन कित्येक जीपगाड्यांत गेले. महिंद्रनेही स्वतः जीपमध्ये फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्याचे डिझेल इंजिन दिले. ते २११२ सीसीचे, सुमारे ६२ अश्वशक्तीचे होते. ताकद जुन्या पेट्रोल इंजिनाच्या आसपासच असल्यामुळे जीपच्या हाडांवर फार ताण आला नाही.

आता काळ बदलला. पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले आणि दोन्हींतले अंतर पूर्वीइतके राहिले नाही. आज तरुणांना हवा असतो तो टर्बो, आणि तोही ताकदीसाठी.

टर्बो काय करतो?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात उष्णता आणि जोर असतो. एरवी तो सायलेन्सरमधून फुकट जातो. टर्बोमध्ये हा धूर एक छोटी चक्री फिरवतो. त्याच दांड्यावरची दुसरी चक्री बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. जास्त हवा म्हणून जास्त डिझेल जाळता येते, आणि तेवढ्याच मापाच्या इंजिनातून जास्त ताकद निघते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो आणि इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून ऑइल वेळेवर बदलणे, एअर फिल्टर स्वच्छ ठेवणे आणि दमून आलेले इंजिन बंद करण्याआधी मिनिटभर हळू चालू देणे, ही टर्बोची पथ्ये आहेत. उन्हाळ्यात आपल्या पाणंदीवर उडणारी धूळ पाहिली, तर यातले पहिले बिघडते ते फिल्टर.

चिखलासाठी टर्बो हवाच, असेही नाही. चिखलातून गाडी सावकाश, इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर काढायची असते आणि कमी फेऱ्यांवर टर्बो पुरता जागा झालेला नसतो. तिथे खरे काम करतात ते फोर-व्हील ड्राइव्ह, लो गिअर आणि चांगले टायर.

आकडे काय सांगतात?

जुन्या सीजे-३बीच्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे दांडा पिळण्याची ताकद, सुमारे १५५ न्यूटन-मीटर. महिंद्रच्याच २०१० नंतरच्या थारमधले साधे टर्बो डीआय इंजिन सुमारे १८२ चे, आणि सीआरडीई इंजिन २४७ चे. जुन्या जीपमध्ये पहिला गिअर, लो रेंज आणि डिफरन्शियल मिळून ही ताकद साधारण ३७ पट होऊन एक्सलकडे जाते. म्हणजे घर्षणात जाणारा वाटा सोडला, तर पूर्वी सुमारे ५,७०० आणि आता सुमारे ९,१०० न्यूटन-मीटर. तीन गिअरचा जुना गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि एक्सल यांचा हिशेब पहिल्या आकड्यासाठी झाला होता. चाक चिखलात रुतलेले, गाडीत पोती आणि वरून पूर्ण ॲक्सिलरेटर, अशा वेळी नवे इंजिन तुटत नाही. तुटते ते जुने काहीतरी.

दुसरा हिशेब वेगाचा. या जुन्या जीपच्या डिफरन्शियलचे प्रमाण ५.३८, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांचे. ३,००० फेऱ्यांना टॉप गिअरमध्ये गाडी ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास जाते आणि इंजिन ओरडू लागते. मग लोक दुसऱ्या गाडीचे ४.२७ वगैरे प्रमाणाचे एक्सल शोधतात. तेवढ्याच फेऱ्यांत वेग ९५ वर जातो. वेग वाढला की प्रश्न येतो तो ब्रेकचा.

थांबण्याचे काय?

त्या जीपला चारही चाकांना नऊ इंची ड्रम ब्रेक होते, तेही बूस्टरशिवाय. गाडीला थांबवायला लागणारे काम वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ८० ने चाललो तर वेग एक तृतीयांशानेच वाढतो, पण ब्रेकवरचे काम जवळजवळ पावणेदोन पट होते. डिझेल इंजिन वजनालाही जड, त्यामुळे पुढची चाके आणि पुढचे पाटे जास्त दबतात.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. पेट्रोल इंजिन हवा ओढताना नळीत पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, तयार करते. जुन्या जीपचे वायपर त्यावर चालत. ब्रेक बूस्टर बसवला तर तोही त्यावरच चालतो. डिझेल इंजिनात असे कामाचे व्हॅक्यूम मिळत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. पंप न जोडता नुसता बूस्टर बसवला, तर तो नावालाच राहतो.

याशिवाय रेडिएटर मोठा लागतो. कित्येक जुन्या जीपगाड्या ६ व्होल्टच्या होत्या, त्यांची सगळी वायरिंग १२ व्होल्टला न्यावी लागते. डिझेलचे हादरे जास्त, म्हणून माउंटिंग आणि चेसिसची जोड तपासावी लागते. आणि खड्ड्यात पुढच्या एक्सलचा गोळा वर उचलला, तर तो ऑइलच्या चेंबरला लागतो का, हे माल भरून पाहावे लागते. अंगणात उभ्या गाडीत सगळे छान मोकळे दिसते.

कागदाची बाजू

विज्ञानेश्वरांनी मिताक्षरा लिहिली ती याच कल्याणनगरीत. वारसा आणि वाटणीचा कायदा देशाच्या बहुतेक भागांत ज्या ग्रंथावर चालला, त्या ग्रंथाच्या गावच्या लोकांना कागदाचे महत्त्व काय सांगावे? तरीही कितीतरी जीपगाड्या अजून वारलेल्या आजोबांच्याच नावावर असतात.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कारखान्याने मूळ दिलेला तपशील यांत तफावत पडेल, असा बदल मालकाने गाडीत करू नये. वेगळ्या इंधनासाठी ठरावीक संच बसवायची सवलत आहे, पण तीही नेमून दिलेल्या अटींवर. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात हे कलम तसेच काटेकोरपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यातले कलम १८२-अ नव्याने लिहिले गेले. नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

पण आमच्या मते दंड ही त्यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट विम्याची. आपल्याकडे जीप एकट्याने कुठे जाते? सोयाबीन काढायला मजूर, लग्नाला वऱ्हाड, यात्रेला शेजारीपाजारी, सगळे तिच्यातच बसतात. उद्या हैदराबाद-पुणे रस्त्यावर अपघात झाला, आणि गाडीत नोंदीबाहेरचे इंजिन निघाले, तर विमा कंपनी नुकसानभरपाई नाकारू शकते. जखमींना रक्कम द्यायला लावली, तरी ती मालकाकडून वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो. म्हणजे शेत जाईल. आणि ज्याच्या घरचा कर्ता माणूस गेला, तो बिचारा कज्ज्यात वर्षे काढील. त्याने कुठे आपल्याला टर्बो बसवायला सांगितले होते?

मग जीपचे करायचे काय?

पहिले म्हणजे, मूळ इंजिन टाकून देऊ नका. बोअर करून, पिस्टन-रिंग बदलून, व्हॉल्व्ह बसवून ते पुन्हा उभे राहते. हे काम जाणणारी जुनी माणसे ऑटोनगरात आहेत. ती आहेत तोवर मुलांनी त्यांच्या हाताखाली शिकावे. नवे इंजिन बसवणारे पुष्कळ मिळतील, जुने ऐकून ओळखणारे कमी होत चालले.

दुसरे, हातात पैसे असतील तर ते आधी ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि दिव्यांवर घाला. जीप थांबते आणि वळते, हे नक्की झाल्यावर इंजिनाकडे या.

तिसरे, इंजिन बदलणे भागच असेल, तर काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी अर्ज करा आणि लेखी उत्तर घ्या. त्याच मेकचे, त्याच प्रकारचे इंजिन ही एक गोष्ट, आणि दुसऱ्या गाडीतून आणलेले टर्बो ही अगदी दुसरी. इंजिन कुठूनही घ्या, त्याचा क्रमांक आणि विक्रीची पावती हवीच. पावती नसलेले इंजिन चोरीचे निघाले, तर चौकशी तुमच्या दारात येते. आणि उत्तर "नाही" असे आले, तर ते माना. टर्बोची हौस असेल तर कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घ्या. तिचा गिअरबॉक्स, एक्सल, ब्रेक आणि कागद एकमेकांच्या हिशेबाने बनलेले असतात.

चौथे, जीप वारलेल्या माणसाच्या नावावर असेल, तर आधी वारसाची नोंद करून घ्या. भावाभावांत बोलणे नीट असताना हे काम एका सहीत होते.

आमचा टर्बोशी वाद नाही. ती मोठी हुशारीची वस्तू आहे. आणि आपल्या मिस्त्रींच्या हाताबद्दल तर आम्हाला अभिमानच आहे. म्हणून त्यांनाही एक विनंती. गिऱ्हाईक इंजिन घेऊन आले, की भाव सांगण्याआधी त्याला गाडीचे ब्रेक दाखवायला सांगा आणि नोंदणीचे पुस्तक मागा. गिऱ्हाईक नाराज होऊन शेजारच्या दुकानात जाईल कदाचित. पण त्या गाडीच्या मागच्या बाकावर कुणाची तरी लेकरे बसणार आहेत, आणि या गावात ती बहुतेक आपल्या ओळखीचीच असतात.

विघ्नहर्त्याला आपण विघ्ने दूर करायला सांगतो. जी आपण स्वतःच पाना-पक्कड घेऊन बसवतो, ती तरी त्याच्यावर टाकू नयेत.

गणपती बाप्पा मोरया!