घरचे वस्त्र, दारचे वस्त्र
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून मंडळाचा इतिहास, भाषेचे भवितव्य किंवा महाराष्ट्र-बंगालचे ऋणानुबंध अशा भारदस्त विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही आज पायजम्याविषयी बोलणार आहोत. विषय क्षुल्लक वाटेल, कोणाला हसूही येईल. परंतु गेल्या गणेशोत्सवानंतर कार्यकारिणीपुढे एक सूचना आलेली आहे, हे आपण जाणताच. सभागृहाच्या दाराशी फलक लावावा, आणि अर्धी चड्डी, लुंगी, बनियन अथवा रात्रीचे कपडे घालून येणाऱ्यांस आत घेऊ नये, अशी ती सूचना. तिच्यावर निर्णय व्हावयाचा आहे. दार कोणासाठी उघडावयाचे आणि कोणासाठी मिटावयाचे, हा प्रश्न परमुलखातील मंडळाच्या बाबतीत कधीच क्षुल्लक नसतो. म्हणून निर्णयापूर्वी चार गोष्टींचा विचार व्हावा, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, निजण्याच्या कपड्यांविषयीची नापसंती आपण साहेबाकडून उसनी घेतलेली नाही. रात्री अंगावर असलेले वस्त्र पारोसे. त्या वस्त्राने देवघरात जाऊ नये, चुलीला शिवू नये, हे आपल्या आजीने आपल्याला सांगितले. येथील बंगाली गृहिणीही ‘बासी कापड’ बदलल्यावाचून स्वयंपाकघरात किंवा ठाकुरघरात पाऊल टाकीत नसे. शब्द दोन, आचार एकच. मात्र या आचाराची दिशा ध्यानात घ्यावी. बाहेरून आलेला मनुष्य कपडे बदलून मग घरात वावरे. धूळ, गर्दी, विटाळ ही बाहेरची, आणि जपावयाचे ते घर. आज आपण जो नियम करू पाहतो त्यात दिशा उलटली आहे. आता घरचे वस्त्र बाहेर गेल्याने बाहेरची शोभा जाते, असे आपण म्हणतो. पहिला विचार शुद्धतेचा होता, दुसरा प्रतिष्ठेचा आहे. त्या दोहोंची गल्लत होता कामा नये.

मग घर संपते कोठे आणि बाहेर सुरू होते कोठे? पुण्याच्या वाड्यात ते ओट्याच्या पायरीशी संपत असे. गिरगावच्या चाळीत पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि बनियन घातलेले गृहस्थ गॅलरीत उभे राहून वर्तमानपत्र वाचीत, आणि त्याच वेषात कोपऱ्यावरून दूधही आणीत; कोणास त्यात वावगे वाटत नसे. कोलकात्यात तर घराची हद्द पाड्याच्या टोकापर्यंत जाते. लुंगी आणि गेंजी घालून रोयाकावर अड्डा जमविणारे, सकाळी त्याच वेषात पिशवी घेऊन जदुबाबूच्या बाजारात मासळीचा भाव करणारे भद्र लोक आपण नित्य पाहतो. तेच गृहस्थ ट्रामने धर्मतल्ल्याला जावयाचे झाल्यास इस्त्रीचे कपडे काढतात. पाडा हे त्यांच्या लेखी घराचे अंगण आहे. आणि ज्यांना घरच नाही, जे पदपथावर निजतात व रस्त्याच्या नळावर गामछा नेसून स्नान करतात, त्यांनी घरचे वस्त्र कोणते आणि दारचे कोणते मानावे? दोन वस्त्रांतील हा भेद पाळावयाचा तर आधी घराला दार असावे लागते.

खुद्द पायजम्याची कुळकथा मौजेची आहे. शब्द फारसी, ‘पाय’ म्हणजे पाऊल आणि ‘जामा’ म्हणजे वस्त्र. उत्तर हिंदुस्थानात तो दरबारात व बाजारात उजळ माथ्याने मिरविण्याचा पोशाख होता. इंग्रज येथे आले, त्यांना तो सैल व सुखावह वाटला, त्यांनी तो घरात व निजताना घातला आणि मायदेशी नेला. 1886 साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात या प्रकाराची नोंद आहे. पुढे तोच पायजमा ‘नाईट सूट’ या नावाने परत आला आणि आपण त्याला शयनगृहात कोंडले. महाराष्ट्रात मात्र त्याचा भाऊ, आपला पांढरा लेंगा, ताठ मानेने हिंडत राहिला. लेंगा, नेहरू शर्ट आणि गांधी टोपी या वेषात खेड्यातला शेतकरी आठवड्याच्या बाजारालाही गेला आणि लग्नालाही गेला. येथे पूजेतील अष्टमीच्या सकाळी पांजाबी आणि पायजमा घालून तरुण अंजली वाहतात, तेव्हा त्याहून मंगल वेष नाही. कापड तेच, शिवणही बहुतेक तीच. सभ्यता किंवा असभ्यता ही कापडात नाही. ती प्रसंगात आणि पाहणाऱ्याच्या नजरेत आहे.

ही नजर किती अन्याय करू शकते, याचे उदाहरण याच शहरात घडलेले आहे. 1874 साली पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर पार्क स्ट्रीटवरील एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत गेले. त्या काळी म्युझियमही तेथेच होते. जाडेभरडे धोतर, अंगावर चादर आणि पायात देशी चपला हा त्यांचा नित्याचा वेष. दारवानाने त्यांना चपला काढावयास सांगितले. विलायती बूट घातलेल्यांना मात्र अशी आडकाठी नव्हती. विद्यासागर आत गेले नाहीत. त्यांनी परत येऊन चालकांना पत्र लिहिले आणि या भेदाचे कारण विचारले. वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा झाली. दारवान आपले काम करीत होता. त्याला माणूस ओळखावयास कोणी शिकविले नव्हते, पादत्राण ओळखावयास शिकविले होते. फलकाचा स्वभावच असा असतो.

याच काळात जोडासांकोच्या ठाकूर घराण्यात निराळा प्रयोग चालला होता. ज्योतिरिंद्रनाथांनी साऱ्या हिंदुस्थानासाठी एक राष्ट्रीय पोशाख योजिला. धोतर कामाला अडचणीचे आणि पायजमा परका, म्हणून दोहोंची तडजोड. डोक्यावर पगडी आणि सोला टोपी यांचा संकर. हे ध्यान करून ते भर दुपारी गाडीत बसून बाहेर पडत, असे रवींद्रनाथांनी ‘जीवनस्मृती’त मोठ्या प्रेमाने व मिस्कीलपणे सांगितले आहे. तो पोशाख कोणी उचलला नाही. पोशाख हुकमाने किंवा योजनेने रुजत नाही, एवढा धडा मात्र त्यातून घेण्यासारखा आहे.

दारवानाची परंपरा स्वराज्यातही खंडित झाली नाही. आपल्या पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना 1988 साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबात अनवाणी म्हणून प्रवेश नाकारण्यात आला. 2014 साली चेन्नईतील एका क्रिकेट क्लबात उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी नेसल्याबद्दल अडविले गेले. त्यावर इतका क्षोभ झाला की, तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी असे निर्बंध दूर करणारा कायदाच संमत केला. आणि 2017 च्या जुलैत, आपल्या पार्क सर्कसजवळच्या एका मोठ्या मॉलच्या दाराशी चित्रपट दिग्दर्शक आशिष अविकुंठक यांना धोतरामुळे थांबविण्यात आल्याची तक्रार गाजली. आपण इंग्रजीत बोलू लागल्यावर सोडण्यात आले, असे त्यांनी सांगितले. मॉलने प्रवेश नाकारल्याचा इन्कार केला. विद्यासागरांच्या चपलांपासून या धोतरापर्यंत 143 वर्षे लोटली, आणि दारातला प्रश्न तोच राहिला.

जगातही हेच चालले आहे. शांघायच्या जुन्या गल्ल्यांत स्वयंपाकघर आणि शौचकूप सामाईक असल्याने सारी गल्ली घरासारखीच होती. तेथे पायजमा घालून बाजारात जाण्याची रीत पडली. 2010 च्या जागतिक प्रदर्शनापूर्वी नगरशासनाने ‘पायजम्यात बाहेर पडू नका’ अशी मोहीम काढली. त्याच वर्षी वेल्समधील कार्डिफ येथे एका मोठ्या दुकानाने पायजमा घातलेल्या गिऱ्हाइकांस मज्जाव केला. 2020 साली चीनच्या आन्हुई प्रांतातील सुचोऊ शहराने तर पायजम्यात फिरणाऱ्या नागरिकांची छायाचित्रे नावांसकट प्रसिद्ध केली आणि लोक खवळल्यावर क्षमा मागितली. त्याच वर्षी महामारी आली. मोठमोठे अधिकारी वर सदरा आणि खाली पायजमा घालून पडद्यावर सभा चालवू लागले. घर आणि कचेरी यांतील रेषाच पुसली गेली. आज मंडळात सैल कपड्यांत येणारी मुले त्या काळात वाढली आहेत, हे विसरून त्यांना उद्धट ठरविणे बरे नव्हे.

आता घरच्या आहेराकडे वळू. 2014 साली नवी मुंबईतील गोठिवली गावात महिला मंडळानेच असा नियम केला की, दिवसा गाऊन घालून रस्त्यावर हिंडणाऱ्या स्त्रीस पाचशे रुपये दंड. 2018 साली आंध्रातील एका गावाने दोन हजारांचा दंड लावला आणि चहाडी सांगणाऱ्यास त्यातले एक हजार देऊ केले. पहाटे पाण्याला उठणारी, डबे करणारी, मुलाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडावयास धावणारी जी बाई, तिने गाऊनवर ओढणी टाकून खाली जावे, हा अपराध; आणि तिच्याच शेजारी बनियनवर उभे राहून दात घासणारे गृहस्थ निर्दोष! वेषाचे नियम लिहिताना सर्वांसाठी म्हणून लिहिले जातात, परंतु मोजले जातात ते बहुधा स्त्रीच्या अंगावर आणि गरिबाच्या पायात. आपल्या फलकाचेही तसेच होईल, अशी आम्हास भीती वाटते.

परंतु सूचना आणणाऱ्या ज्येष्ठांचा पक्ष आम्ही हलका लेखीत नाही. दारचे वस्त्र म्हणजे केवळ डौल नव्हे, तिच्यात दुसऱ्याविषयीची आस्था असते, आणि कधी कधी स्वातंत्र्यही असते. सत्येंद्रनाथ ठाकूर हे पहिले हिंदी आय. सी. एस. मुंबई इलाख्यात नोकरीस निघाले, तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी यांच्यापाशी घराबाहेर नेसण्याजोगे वस्त्रच नव्हते. अंतःपुरातील एका पातळ साडीवर आगगाडी किंवा बोट गाठता येत नव्हती. 1864 साली त्या मुंबईस गेल्या, तेथे पारशी स्त्रियांची नेसण पाहून त्यांनी ती आपलीशी केली, आणि पोलक्यासह साडी नेसण्याची ती पद्धत बंगालच्या घराघरांत नेली. बंगाली स्त्रीला मिळालेले हे दारचे वस्त्र मुंबईहून आले, याचा आम्हा येथील मराठी जनांस अभिमान वाटावा. त्या वस्त्राने तिला कोंडले नाही, तिच्यासाठी दार उघडले. हीच खरी कसोटी होय. जो पोशाख मनुष्यास बाहेर येण्याचे बळ देतो तो चांगला. जो नियम त्याला घरी बसवितो तो वाईट.

या कसोटीवर आपला फलक लावून पाहा. दाराशी कोण अडेल? सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगलेले आपले गलाई बांधव, जे भट्टीपासून उठून थेट आरतीला येतात. वसतिगृहातील विद्यार्थी, ज्याला एवढेच ठाऊक असते की आज मोदक आहेत आणि कोणीतरी मराठीत बोलणार आहे. गुडघ्याच्या दुखण्याने धोतर सोडून सैल पायजम्यावर आलेले आजोबा. तान्हे मूल कडेवर घेऊन गाऊनवर शाल पांघरून आलेली नवी सूनबाई. ज्यांच्या कपाटात पैठणी आणि शेरवानी आहे त्यांना फलकाची गरज नाही. ज्यांना मंडळाची गरज आहे त्यांनाच तो परत पाठवील. परत गेलेला मनुष्य वाद घालीत नाही. तो फक्त पुढल्या वर्षी येत नाही.

म्हणून आमची कार्यकारिणीस नम्र विनंती अशी. फलक लावू नये. त्याऐवजी उत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेत एक ओळ छापावी की, सणाला साजेसा पोशाख करून यावे, आणि जमले नाही तरी अवश्य यावे. आपल्या जुन्या घरांतून पाहुण्यासाठी खुंटीवर धूतवस्त्र टांगलेले असे. कामावरून आलेल्याने ते नेसून पंक्तीला बसावे. तीच रीत येथे चालू करावी. दाराशी फलकाच्या जागी खुंट्या ठोकाव्यात, त्यांवर धुतलेली उपरणी व चादरी ठेवाव्यात, आणि ज्याला पूजेला बसावयाचे आहे त्याने ती घ्यावीत. कोणी सांगावयास जाऊ नये. मखराजवळ जो नियम स्त्रियांना तोच पुरुषांना, जो कारागिराला तोच साहेबाला असावा. आणि ज्येष्ठांनी स्वतः नीटनेटके येऊन मुलांना जवळ बसवावे. मुले उपदेशापेक्षा पाहून अधिक शिकतात, हा आपल्या सर्वांचाच अनुभव आहे.

गेल्या पन्नास वर्षांत आपल्या मंडळाने या महानगरीत एकच काम सातत्याने केले आहे. आईबापांपासून हजार कोस दूर आलेल्या माणसाला त्याने काही घटका घर दिले. आता ते घर आहे की सभागृह, हे कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत ठरावयाचे आहे. ते घर आहे असे आपण ठरविल्यास पायजम्याचा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटेल.

उपरण्यांचा पहिला डझन आमच्याकडून.