नाटक रात्रीचं, मुक्काम पुण्यात

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. पुण्याला नाटक बघायला गेलं तर रात्री राहायचं कुठं, एवढाच विषय. पण आमच्या गटात नाटकाचा बेत दोन वर्षं ठरला आणि दोन्ही वर्षं ह्याच प्रश्नापाशी मोडला. घरी विचारलं की सासूबाईंचा पहिला सवाल, “रात्री कुठं राहणार गं?” उत्तर नसलं की त्या गप्प, मालक गप्प, मग आपणही गप्प. यंदा आम्ही नऊजणी जाऊन आलो. तिकिटाच्या आधी मुक्कामाची जागा ठरवली, म्हणून जमलं.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडं हॉटेल म्हणजे चहा-भजी, आणि राहायची जागा म्हणजे लॉज. पुण्यात दोन्हीवर पाटी हॉटेलचीच. म्हणून फोनवर पहिलं वाक्य हेच: राहायला खोल्या आहेत का, आणि खाली परमिट रूम आहे का? खाली बार असला तर ती जागा आम्ही सोडून देतो, मग भाडं कितीही कमी असो. जिन्यात कोण आडवं येईल ह्याचा नेम नाही, आणि झोपेचं तर विचारूच नका.

आता नाटकाकडं या. पुण्यात नाट्यगृहं बरीच आहेत. बालगंधर्व रंगमंदिर 1968 सालचं, ते जंगली महाराज रस्त्यावर, संभाजी बागेच्या शेजारी. भरत नाट्य मंदिर सदाशिव पेठेत, टिळक स्मारक मंदिर टिळक रस्त्यावर. ही दोन्ही नदीच्या अलीकडं आणि बालगंधर्व पलीकडं. म्हणजे नाटक भरतला आणि खोली बालगंधर्वापाशी, असं झालं तर मध्यरात्री पूल ओलांडून यायची वेळ. तेव्हा नाटक कुठल्या नाट्यगृहात आहे ते आधी नीट वाचा, खोली त्यानंतर शोधा.

वेळसुद्धा बघा. सुट्टीच्या दिवशी प्रयोग बहुतेक दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच-साडेपाच आणि रात्री साडेनऊ असे असतात. मध्यंतर धरून नाटक अडीच तासांचं धरा. साडेनऊचं नाटक सुटतं तेव्हा बारा वाजलेले असतात. मेट्रो रात्री अकराच्या सुमारास बंद होते, आणि जवळचं भाडं म्हटलं की रिक्षावाले मान फिरवतात. म्हणून आमचं मत असं, की पहिल्यांदा जाणाऱ्या गटानं साडेपाचचाच प्रयोग धरावा. आठ-सव्वाआठला बाहेर पडलं की रस्त्यावर माणसं असतात, दुकानं उघडी असतात, जेवण मिळतं. रात्रीचा प्रयोग पुढच्या खेपेला.

खोलीची खरी अडचण कुठं येते ते आता सांगतो. आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात, जागा शांत हवी आणि जागा सुरक्षित हवी. ह्या दोन्ही एकमेकींच्या सवती आहेत. मोठ्या रस्त्यावर दिवे असतात, पाणीपुरीच्या गाड्या असतात, पोलिसांची गाडी फिरते. तिथं भीती कमी, पण हॉर्न रात्रभर. आत लांबवर अंधाऱ्या बोळात गेलं की झोप छान लागेल, पण त्या बोळातून बारा वाजता चालत कोण जाणार? आम्ही ह्यातून काढलेला मार्ग असा: मोठ्या रस्त्यापासून एकच वळण आत, आणि खोली इमारतीच्या मागच्या अंगाची. बालगंधर्वाजवळ आपटे रस्ता आणि घोले रस्ता आहेत. तिथं राहायची हॉटेलं आहेत, जंगली महाराज रस्त्याएवढा गोंगाट नाही, आणि नाट्यगृहापासून पायी जाता येतं. सगळी हॉटेलं चांगलीच आहेत असं आम्ही म्हणत नाही. शोध कुठून सुरू करायचा, एवढंच सांगतो.

मागची खोली म्हटलं की काम झालं असंही नाही. मागं स्वयंपाकघराचा मोठा पंखा असतो, कुठं जनरेटर, कुठं लिफ्टची खडखड. म्हणून विचारताना ‘शांत खोली द्या’ असं म्हणू नका, त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. ‘खिडकीबाहेर काय आहे?’ असं विचारा. त्याचं उत्तर द्यायला माणसाला विचार करावा लागतो.

आणि हा फोन रात्री दहाला करा. आमच्यातल्या एका काकूंची ही युक्ती, आणि आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी तीच पडली. दुपारी काउंटरवर कुणीही गोड बोलतं. रात्री दहाला फोन उचलतो कोण, बोलतो कसा, मागं आरडाओरडा ऐकू येतो का, ते सगळं दोन मिनिटांत कळतं. एका ठिकाणी फोन उचलणाऱ्यानं “बरोबर जेन्ट्स कोण आहे?” एवढंच तीनदा विचारलं. कुणी नाही म्हटल्यावर, “नुसत्या लेडीजना देत नाही” म्हणून फोन ठेवून दिला. मैत्रिणींनो, नुसत्या बायकांना खोली देऊ नये असा कुठलाही कायदा नाही. पण अशा दारात भांडत बसण्यापेक्षा हे घरी बसून फोनवर कळलेलं बरं. ज्यानं ‘हो’ म्हटलं त्याच्याकडून तारीख, खोल्या किती, भाडं किती, कर धरून की वेगळा, जादा गादीचे किती, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. बोलणाऱ्याचं नावही घ्या.

पोचल्यावर पैसे देण्याआधी खोली बघायला मागा. बघू देत नसेल तर पुढं चला. खोलीत आधी दार बघायचं. आतली कडी घट्ट बसते का, दाराला बाहेरचं माणूस बघायचं भोक आहे का, खिडकी आतून लागते का. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असेल तर त्याला कुलूप आहे का. न्हाणीघराची झडप, आरसा, दिव्याच्या जागा यांवरून एकदा नजर फिरवा. लपून बाईचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. खोल्या पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर आणि शेजारी-शेजारी घ्या, आणि जिना कुठं आहे ते पायानं चालून बघा. आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते. आम्ही तीन-तीन जणींच्या तीन खोल्या घेतल्या आणि खोली नंबर काउंटरवर मोठ्यानं बोलायचा नाही असं ठरवलं.

ओळखपत्र प्रत्येकीला लागतं. आधारची झाकलेली प्रत निघते, तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. ती आधीच काढून न्या. झेरॉक्स दिली तर तिच्यावर तारीख आणि ‘मुक्कामासाठी’ असं लिहा. फोनमध्ये 112 आणि महिलांसाठीचा 181 हे दोन नंबर असू द्या, आणि हॉटेलचा पत्ता घरी एकाजवळ तरी लिहून ठेवा. आमच्या वहिनींनी तो सासूबाईंनाच दिला. त्या दिवसापासून सासूबाई सगळ्या गावाला सांगतायत, आमची सून आपटे रस्त्यावर उतरली होती म्हणून.

गणपतीच्या दहा दिवसांत मात्र शांत खोलीची आशा धरू नका. एरवी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवायचा नियम आहे, पण वर्षातून 15 दिवसांपर्यंत सरकार त्यात सूट देऊ शकतं, आणि गणपतीतले काही दिवस त्यात येतात. देखावे बघायला जायचं असेल तर झोप सोडूनच जायचं.

एसटीनं येणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडच्या गाड्या शिवाजीनगरच्या म्हणून ओळखल्या जातात, पण ते स्थानक मेट्रोच्या कामासाठी 2019 च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं. तिथून बालगंधर्व तीनेक किलोमीटर पडतं. कुठं उतरायचं ते कंडक्टरलाच विचारा. सातारा, सांगलीकडच्या बाया स्वारगेटला उतरतील. तिथून मेट्रोनं जिल्हा न्यायालय स्थानकाला यायचं, गाडी बदलायची आणि छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरायचं.

आणि खोली सोडायची वेळ आधी विचारून घ्या. कुठं दुपारी बारा असते, कुठं आल्यापासून चोवीस तास. आमची बाराची होती आणि एसटी चारची. पण पिशव्या काउंटरमागं ठेवू दिल्या, पैसे घेतले नाहीत, आणि आम्ही तुळशीबागेत मोकळ्या हातानं फिरलो. येताना मात्र हात मोकळे नव्हते.