बुलेटचा क्लच: आधी प्लेटा नको, आधी वायर बघा

आजचा भाग एका श्रोत्याच्या निरोपामुळे करतोय. वाळूजहून एका ताईंचा व्हॉईस मेसेज आला. घरी वडिलांची 1978 ची बुलेट आहे, साडेतीनशेची, उजव्या पायाचे गिअर. वडील आता चालवत नाहीत. गाडी चढाला ओढत नाही, नुसता आवाज करते. एका मेकॅनिकने सांगितलं की क्लचच्या प्लेटा गेल्या, पूर्ण सेट बदला आणि त्यासोबत इंजिनही खोलावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून घरात भंगारवाल्याला बोलवायची चर्चा सुरू झाली. ताई विचारतात, ‘दादा, खरंच इतकं असतं का?’

ताई, नसतं. म्हणजे असूही शकतं, पण तिथपर्यंत जायच्या आधी अर्ध्या तासाचं एक काम आहे आणि ते तुम्ही घरी करू शकता. शिवाय बुलेटचा क्लच इंजिनच्या बाहेर, डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये असतो. त्याच्यासाठी इंजिन खोलायची गरजच नाही. असं कोणी सांगितलं तर हात जोडून गाडी घरी आणा.

थोडं मागचं सांगतो. 1955 साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली, लष्कराला साडेतीनशेच्या बुलेट हव्या होत्या म्हणून. इंग्लंडातली मूळ कंपनी पुढे बंद पडली, पण आपल्याकडे तीच रचना कितीतरी वर्षं चालू राहिली. त्यामुळे 1960 च्या गाडीचं आणि 1990 च्या गाडीचं क्लचचं दुखणं जवळजवळ सारखंच. आपलं संभाजीनगर तसं बजाजचं गाव. 1985 ला वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि घरोघरी स्कूटर आल्या. पण त्याच कारखान्यांमुळे इथे लेथवाले, फिटर, आयटीआय झालेली पोरं गल्लोगल्ली आहेत. जुन्या गाडीला यापेक्षा चांगलं गाव कुठलं?

(आणि हो, ‘व्हिंटेज’ म्हणायला सरकारी हिशोब वेगळा आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे गाडीला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि मूळ रचनेत मोठा बदल चालत नाही. म्हणजे ताईंची बुलेट 2028 मध्ये व्हिंटेज होईल. तोवर आपण तिला नुसतंच म्हातारी म्हणू.)

तर क्लच. तेलात बुडालेल्या प्लेटांची एक चवड असते. तीन स्प्रिंगा ती घट्ट दाबून ठेवतात. तुम्ही लिव्हर दाबलं की वायर ओढली जाते, गिअरबॉक्समधला एक आडवा दांडा, म्हणजे क्लच रॉड, पुढे सरकतो आणि बाहेरची प्रेशर प्लेट उचलतो. चवड सैल झाली की इंजिन आणि चाक वेगळे.

दुखणी दोनच. एक तर क्लच सरकतो, म्हणजे स्लिप होतो. इंजिन बोंबलतं, गाडी पळत नाही. दौलताबादहून खुलताबादकडे घाट चढताना हे लगेच कळतं. घरातल्या घरात बघायचं तर किक मारा. बुलेटची किक गिअरबॉक्समधून क्लचमार्गे इंजिनला फिरवते. पाय सर्रकन खाली गेला आणि इंजिन जागचं हललंच नाही, तर क्लच सरकतोय.

दुसरं दुखणं उलटं, क्लच सुटत नाही. लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे रेटते, पहिला गिअर खडाड् करून पडतो, क्रांती चौकाच्या सिग्नलला न्यूट्रल सापडता सापडत नाही. सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना असं होत असेल तर ते दुखणं नाही, प्लेटा तेलाने चिकटलेल्या असतात. चावी बंद ठेवून, लिव्हर दाबून तीन-चार किका मारा, सुटतात. दिवसभर होत असेल तर मात्र बघायला हवं.

आता जी गोष्ट बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटी बसलेली असते. लिव्हरला जो थोडा मोकळा खेळ असतो, फ्री प्ले, तो वायर लांबली की वाढतो. हे सगळ्यांना माहीत असतं. पण प्लेटा झिजल्या की तो कमी होतो! का? चवड पातळ झाली, प्रेशर प्लेट आत गेली, तिने रॉडला उलट्या बाजूला ढकललं आणि रॉडने सगळी मोकळी जागा खाल्ली. मग तुम्ही लिव्हरला हात न लावताही क्लच किंचित दाबलेलाच राहतो. प्लेटा सरकतात, तापतात, आणखी झिजतात. प्लेटांत अजून जीव असतो, फक्त त्यांना कोणी पूर्ण मिटू देत नाही. ताई, तुमच्या गाडीचं हेच असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

काम असं करायचं. इंजिन थंड हवं. आधी वायरचे ॲडजस्टर, लिव्हरजवळचा आणि खालचा, दोन्ही सैल करा. वायर अगदी ढिली लोंबू द्या. ती बाहेर काढून बघता आली तर उत्तम. एखादी तार तुटून उभी राहिली असेल तर वायर बदला, तिथे काटकसर नको. चांगली असेल तर आत तेल सोडा.

मग उजव्या बाजूला या. गिअरबॉक्सच्या कव्हरवर एक छोटं झाकण आहे, दोन स्क्रूचं. ते काढलं की आत एक स्क्रू आणि त्याच्यावर लॉकनट दिसेल. लॉकनट सैल करा. स्क्रू बोटाच्या ताकदीने हळूहळू आत फिरवा, रॉडला टेकल्याचं हाताला कळतं. तिथे थांबा, जोर नको. टेकल्यावर अर्धा फेरा मागे घ्या. आता पेचकसाने स्क्रू जागेवर धरून लॉकनट आवळा. न धरता आवळलात तर स्क्रूही सोबत फिरतो आणि सगळी मेहनत वाया.

त्यानंतरच वायर ताणायची. लिव्हरच्या मुळाशी दोन ते तीन मिलिमीटर खेळ ठेवा. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून बघा. एखाद्या बाजूला खेळ संपत असेल तर वायर कुठेतरी अडकतेय, तिचा रस्ता बदला. क्रम महत्त्वाचा आहे, आधी आतला स्क्रू, मग वायर. बहुतेक ठिकाणी नुसता वरचा ॲडजस्टर फिरवून गाडी परत देतात आणि महिन्याभरात दुखणं परत.

एवढं करून किक धरली, घाट चढला, तर प्लेटांचा खर्च वाचला. नाही धरली तर डावीकडचा चेनकेस उघडायचा. डावीकडचं पाय ठेवायचं काढा, खाली जुनी परात ठेवा, कारण मधला मोठा नट सैल केला की तेल येणारच. प्रेशर प्लेटवरचे तीन स्क्रू काढले की स्प्रिंगा हातात येतात. त्या शेजारी-शेजारी काचेवर उभ्या करा. एखादी बुटकी दिसली तर तिन्ही बदला. स्प्रिंगेखाली वॉशर घालायचा सल्ला मिळेल. त्याने लिव्हर दगडासारखं होतं आणि वायर लवकर तुटते, मी तरी घालत नाही.

प्लेटा काढताना क्रम आणि तोंड मोबाईलवर फोटो काढून ठेवा. खोलगट प्लेट ज्या तोंडाने निघाली त्याच तोंडाने बसवायची. लोखंडी प्लेट काचेवर ठेवून डुगडुगते का बघा, निळी पडली असेल तर ती भाजलेली आहे. लायनिंग चकाकत असेल पण जाडी शिल्लक असेल, तर रॉकेल किंवा पेट्रोलने धुऊन पॉलिश पेपरने हलकं खरवडा. आणि ज्या ड्रममध्ये प्लेटांचे कान बसतात, तिथल्या खाचांवर बोट फिरवा. कानांनी तिथे खड्डे पाडलेले असतील तर प्लेटा त्यात अडकतात आणि क्लच सुटत नाही. बारीक कानस घेऊन कडा सरळ करा. यालाच वेळ द्या, घाई इथे करू नका.

बंद करताना मधला नट फार आवळू नका. गळती थांबवायला लोक जोर लावतात, त्याने कव्हर वाकतं आणि गळती वाढते. रबर सील नवीन टाका, स्वस्त असतं. तेल ओतताना पातळीचा स्क्रू उघडा ठेवा, तिथून पाझरू लागलं की पुरे. तेल मोटरसायकलचंच हवं, डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं. कारचं उरलेलं तेल ओतू नका. इंधन वाचवणाऱ्या काही तेलांत घर्षण कमी करणारे घटक असतात, ते प्लेटांना निसरडं करतात. बऱ्याचदा ‘नवीन प्लेटा टाकल्या तरी सरकतोय’ या तक्रारीचं मूळ या डब्यातच असतं.

ताई, रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत उजवीकडचं झाकण उघडा, वडिलांना शेजारी खुर्ची टाकून बसवा. स्क्रू टेकला की नाही हे त्यांना विचारा, त्यांचा हात त्या गाडीला सरावलेला आहे. काय निघालं ते मला कळवा. भंगारवाल्याला तोपर्यंत येऊ देऊ नका.

पुढच्या भागात डायनॅमो आणि बॅटरी. तुमच्या गाडीचा दिवा मंद होत असेल तर आत्ताच कळवून ठेवा.