आधाराचे घर
(भाईंदर पूर्व येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)

तुम्ही आता वाचायला शिकलात. गाडीची पाटी वाचता, विजेचे बिल वाचता. फार चांगले झाले. आज मी तुम्हांला आणखी एका कागदाविषयी सांगणार आहे. तो कागद म्हातारपणी उपयोगी पडतो. नीट वाचला नाही, तर म्हातारपणीच नडतो.

आधी आपले भाईंदर पाहा. मिठागरांच्या कडेचे हे गाव. गावाचे शहर झाले. 2002 साली मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली. कोणी कोकणातून आले, कोणी घाटावरून आले. मुलगा पहाटेची लोकल पकडतो. सूनही कामाला जाते. नातवंडे शाळेत जातात. घरी उरते म्हातारे माणूस. खोली तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. मोरीत पाय घसरला, तर संध्याकाळपर्यंत कोणाला कळायचे नाही.

यात मुलाचा दोष आहे का? नाही. सुनेचाही नाही. काम सोडले तर चूल कशी पेटणार? पण म्हातारीचे हाल होतात, हेही खरेच.

मग करायचे काय? आजार नाही, म्हणून दवाखान्यात ठेवत नाहीत. एकटे राहणे झेपत नाही. अशांसाठी मधली सोय निघाली आहे. तिला इंग्रजी नाव आहे, असिस्टेड लिव्हिंग. आपण तिला आधाराचे घर म्हणू.

तिथे काय असते? राहायला खोली, वेळेवर जेवण. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा. खाटेजवळ घंटा. ती वाजवली की मदतनीस येते. आंघोळीला हात देते, गोळ्या वेळेवर देते. ठरल्या दिवशी डॉक्टर तपासून जातात. संध्याकाळी चार माणसे बोलायला भेटतात. ही सोबतही औषधाइतकीच मोलाची.

चांगल्या घराची एक खूण सांगतो. जे आपल्याला जमते ते आपल्याला करू देतात. जे जमत नाही तेवढ्यालाच हात लावतात. आजोबांना पाठ चोळता येत नाही, तर मदत करावी. पण चहात साखर किती घालायची, ते आजोबांनीच सांगावे. म्हातारे झालो म्हणजे आपली मर्जी संपली, असे नाही.

ही कल्पना अगदी नवी नाही. पुण्याचे 'निवारा' हे वृद्धांचे घर शंभर वर्षांहून जुने आहे. डेव्हिड ससून या दानशूर गृहस्थांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. 1995 साली महाराष्ट्र सरकारने मातोश्री वृद्धाश्रम योजना काढली. आपल्या जवळ उत्तनला केशवसृष्टीत वानप्रस्थाश्रम आहे. काही घरे धर्मादाय असतात. काही ठिकाणी भरपूर पैसे पडतात.

कोणी म्हणेल, "गुरुजी, लोक काय म्हणतील? आईला आश्रमात टाकली म्हणतील." मंडळी, आईला विचारून, चांगली जागा पाहून ठेवणे वेगळे. तिला तिथे सोडून पुन्हा तोंड न दाखवणे वेगळे. पहिल्यात लाज नाही. दुसरा तर गुन्हा होऊ शकतो. सांभाळण्याची जबाबदारी असून वृद्ध माणसाला कायमचे टाकून दिले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होतात. हा 2007 सालचा कायदा आहे.

आता कागदाकडे वळू. अशा घरात जाताना करार करतात. सही करण्याआधी हे प्रश्न विचारा :

1. अनामत किती? सोडून गेलो तर परत किती मिळेल, कधी मिळेल?
2. महिन्याच्या पैशात काय काय येते? औषधे, कपडे धुणे वेगळे का?
3. रात्री मदतीला कोण असते?
4. अंथरुणाला खिळलो तर ठेवून घेणार, की घरी पाठवणार?
5. इस्पितळात न्यायची वेळ आली तर कोण नेणार, खर्च कोणाचा?
6. घरची माणसे केव्हाही भेटायला येऊ शकतात का?

उत्तर तोंडी मिळाले तर म्हणा, "हे कागदावर लिहा." जागा एकदा जेवणाच्या वेळी जाऊन पाहा. ताट पाहा, न्हाणीघर पाहा. तिथल्या म्हाताऱ्यांशी बोला.

आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वांत मोठी. शेत, घर, खोली घाईने कोणाच्या नावावर करू नका. असतील शिते तर जमतील भुते, ही म्हण खोटी नाही. द्यायचेच असेल, तर बक्षीसपत्रात स्पष्ट लिहा की घेणाऱ्याने मला शेवटपर्यंत सांभाळावे. अशी अट असली आणि त्याने सांभाळले नाही, तर त्याच कायद्याने ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. अट लिहिलेली नसली तर भांडण लांबते.

आणि मुलेच विचारीत नसतील तर? ज्यांना स्वतःच्या मिळकतीवर पोट भरता येत नाही, त्या आईबापांना मुलांकडून पोटगी मागता येते. त्यासाठी प्रांत अधिकाऱ्यांकडे न्यायाधिकरण असते. तिथे अर्ज द्यावा. स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्या माणसाने किंवा संस्थेने आपल्या वतीने दिला तरी चालतो. सल्ला हवा असेल तर 14567 हा वृद्धांसाठीचा फोन आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

बंधू-भगिनींनो, पूर्वी आपल्यापुढे कागद यायचा आणि आपण अंगठा उठवायचो. आत काय लिहिले ते दुसऱ्यालाच ठाऊक. आता तुम्हांला अक्षर येते. घाई करणाऱ्याला सांगा, "थांबा, मी वाचतो." एक ओळ वाचायला दहा मिनिटे लागली तरी लागू द्या. समजले नाही तर विचारा. मगच सही करा.

विचार करा व सांगा :
1. आधाराच्या घरात कोणाला राहावे लागते?
2. बक्षीसपत्रात कोणती अट लिहावी? का?
3. वरच्या सहा प्रश्नांत तुम्ही कोणता सातवा प्रश्न घालाल? तो वहीत लिहा.