सातपट सूर्य



पूर्णा नदीच्या विस्तीर्ण पाणलोटातले पाणी अडवून ते नळांवाटे चक्रांवर सोडले की वीज होते, आणि येलदरी धरणाच्या पायथ्याचे २२.५ मेगावॅट क्षमतेचे केंद्र त्यावरच उभे आहे. पसरलेले ऊन गोळा करून लहानशा सौरघटावर, म्हणजे प्रकाशाची थेट वीज करणाऱ्या अर्धवाहकाच्या चकतीवर, पाडण्याच्या कल्पनेचे पसरलेले पाणी असे एकवटण्याशी नाते आहे. मराठवाड्याला ऊन एकवटण्याची कल्पना परकी नाही. लातूरच्या महानंद दुग्धालयात दूध तापवण्यासाठी बसवलेली ‘अरुण’ ही १६० चौरस मीटरची तबकडी एकसंध वक्र आरशाऐवजी अनेक छोट्या आरशांनी ऊन एकत्र करी. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीपगृहांसाठी जाड भिंगाचे पातळ, खाचांचे भिंग केले, त्याच विचाराचे हे रूप होय.

२४ ऑक्टोबर १९९८ रोजी निघालेल्या ‘डीप स्पेस १’ या अमेरिकी यानाच्या पंखांवर, म्हणजे वीज देणाऱ्या सौरपटलांवर, अशीच ७२० लांबट भिंगे होती. त्यांखालच्या ३६०० घटांवर ऊन सुमारे सातपट होऊन पडे आणि सूर्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावर सुमारे अडीच किलोवॅट वीज मिळे, जिच्यावर झेनॉन वायूचे विद्युतभारित कण मागे फेकून यानाला पुढे ढकलणारे आयन इंजिन चाले. अवकाशयोग्य घट महाग असतात आणि तेथील किरणोत्सर्गाने झिजतात. भिंगांमुळे त्यांचे क्षेत्र घटले की खर्च वाचतो आणि उरलेल्यांना जाड काचेचे कवच देणे परवडते. मात्र पंख सूर्यापासून थोडा कलला तरी प्रकाशपट्टी घटावरून सरकते, म्हणून भिंगे लांबट ठेवली, जेणेकरून काटेकोर नेम एकाच दिशेत धरावा लागावा. ही या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट मानावी लागेल. शिवाय अवकाशात हवा नसल्याने घटांची उष्णता केवळ प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, बाहेर टाकावी लागते.

पुढे काही दळणवळण उपग्रहांच्या ऊन एकवटणाऱ्या आरशांवर उपग्रहातूनच निघणाऱ्या बाष्पाचा थर साचून वीज घटत गेली, तर भिंगे-आरसे नसलेल्या सपाट पंखांचे घट सुधारत राहिले. २०१६ मध्ये गुरूभोवती फिरू लागलेले ‘जूनो’ यान सपाट पंखांचेच आहे, जरी तेथे पृथ्वीपाशी पडणाऱ्या उन्हाच्या सुमारे सत्ताविसाव्या हिश्श्याइतकेच ऊन पोहोचते. शनीपाशी तो हिस्सा सुमारे नव्वदावा होतो आणि पंखांचा आकार आवाक्याबाहेर जाऊ लागतो, म्हणून तेथे भिंगांचा विचार पुन्हा करावा लागेल. शाळेच्या प्रयोगशाळेत एक लहान सौरघट, एक भिंग, एक ॲमीटर आणि एक व्होल्टमीटर असल्यास भिंगाने प्रवाह किती वाढतो आणि घट तापल्यावर विद्युतदाब किती घसरतो, हे शिक्षकांच्या देखरेखीखाली येलदरीच्या उन्हातच मोजता येईल. भिंगातून सूर्याकडे मात्र कोणीही पाहू नये.