बोगदा हलतो तेव्हा कळतं कसं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

2023 सालच्या ऐन दिवाळीत उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात 41 कामगार अडकले आणि सतराव्या दिवशी सुखरूप बाहेर आले. त्या सतरा दिवसांत मला ओळखीपाळखीच्या कितीतरी जणांनी एकच प्रश्न विचारला. "अहो, तुम्ही आयुष्यभर बोगद्यांत मोजमापंच केलीत ना? मग कोसळण्याआधी बोगदा काही सांगत नाही का?"

पुष्कळदा सांगतो. पण फार हळू आवाजात सांगतो, मिलिमीटरच्या भाषेत. तो आवाज ऐकण्यासाठी अलीकडे जे बिनतारी सेन्सर वापरतात, त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे. आणि ऐकणाऱ्यांविषयीही.

जुन्या चाळीत किंवा वाड्यात राहिलेल्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. भिंतीला तडा गेला की इंजिनियर येतो, तड्यावर काचेची बारीक पट्टी आडवी ठेवतो, तिची दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की करतो आणि शेजारी तारीख लिहून जातो. महिन्याने काच शाबूत असेल तर तडा जुना आहे, भिंत थांबली आहे. काच तडकली असेल तर भिंत अजून चालते आहे. दोन रुपयांची युक्ती, पण अगदी शास्त्रशुद्ध. तिच्यात उणिवा दोनच. भिंत किती हलली हे काच सांगत नाही. आणि कोणी पाहायला गेलंच नाही, तर काच तडकल्याचं कोणाला कळत नाही.

आमच्या क्षेत्राची सगळी धडपड या दोन उणिवा भरून काढण्याची आहे.

मुळात जमीन हलते का? आपण जमिनीखालून एक नळी कोरून काढतो, तेव्हा भोवतालची माती त्या पोकळीकडे सरकू पाहते. अस्तर बसेपर्यंतच्या थोड्या वेळात ती थोडी सरकतेच. त्यामुळे वर रस्त्यावर एक उथळ खळगा तयार होतो, बोगद्याच्या बरोबर वर सर्वांत खोल आणि दोन्ही बाजूंना विरत जाणारा. डोळ्यांना तो दिसत नाही. पण त्या खळग्याच्या काठावर एखादी दगडी इमारत असेल, तर तिचा एक कोपरा खाली जातो आणि दुसरा जागेवर राहतो. सगळी इमारत सारखीच खचली तर फारसं बिघडत नाही. असमान खचली की भिंती तडकतात. खुद्द बोगद्याचंही तसंच आहे. वरच्या भाराने त्याचा गोल किंचित बसतो, लंबगोल होतो. पुढे कधी शेजारी कोणी खोल तळघर खणलं किंवा खालून दुसरा बोगदा नेला, की तो पुन्हा हलतो.

मी या कामात आलो तेव्हा ही हालचाल आम्ही टेपने मोजायचो. बोगद्याच्या अस्तरात समोरासमोर हूक बसवलेले असत. त्यांच्यामध्ये पोलादी टेप ठरावीक ताणाने ताणायची आणि डायलवरचा आकडा वाचून रजिस्टरमध्ये लिहायचा. माथ्यावरच्या हुकापर्यंत पोहोचायला शिडी लागे. काम दोघांचं, वेळ मध्यरात्रीची, पायाखाली चिखल.

त्या दिवसांतली एक गोष्ट आज सांगून टाकतो. तिला तीस वर्षं होऊन गेली. पावसाळ्याचे दिवस होते, माझ्या अंगात कणकण होती आणि सोबतीचा मदतनीस आला नव्हता. मी त्या रात्री खाली उतरलोच नाही. आदल्या तीन रात्रींचे आकडे समोर होते, हालचाल संथ होती. त्याच चालीने पुढचा आकडा काय येईल तो मनाशी काढला आणि रजिस्टरमध्ये लिहिला. शेजारी सही केली.

सकाळी मुकादम माझ्या खोलीच्या दारात उभा. म्हणाला, "साहेब, रात्री माथ्याचा आकडा घेतलात?"

म्हटलं, "हो, लिहिलाय की."

"शिडी तर काल संध्याकाळीच वर वेल्डिंगला पाठवली होती. मग आकडा आणलात कुठनं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आम्ही दोघं तसेच खाली गेलो, शिडी मागवली, टेप ताणली. खरा आकडा माझ्या आकड्यापेक्षा तीन मिलिमीटरने जास्त निघाला. माथा अचानक वेगाने खाली येऊ लागला होता. काम थांबवलं, छताला जादा रॉक बोल्ट मारले, वर काँक्रीटचा थर फवारला. कोणाला खरचटलंही नाही. पण तोवर सकाळच्या पाळीची नऊ माणसं माझ्या त्या आकड्याच्या भरवशावर दोन तास आत काम करत होती. मुकादमाने वर कोणाकडे तक्रार केली नाही. मला एवढंच म्हणाला, "जागा कोरी ठेवायची होतीत साहेब. कोरी दिसली असती तर मी पोरं आत सोडली नसती."

हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे ते पुन्हा लागणार आहे.

टेपनंतर विजेवर चालणारी उपकरणं आली. ती तारेने वरच्या खोलीला जोडलेली असत. कागदावर उत्तम व्यवस्था. पण बोगद्यात तार टिकवणं म्हणजे रोजची लढाई. कधी ट्रॉलीखाली येते, कधी वेल्डरच्या ठिणगीने जळते, कधी उंदीर कुरतडतात. शिवाय बोगद्यातून गाड्या धावत असतील तर आत जायला रात्रीचे जेमतेम तीन तास मिळतात. तेवढ्या वेळात किलोमीटरभर तार टाकून होत नाही. म्हणून विचार पुढे आला तो बिनतारी सेन्सरचा.

हा सेन्सर म्हणजे साधारण डब्याएवढी पेटी. अस्तराच्या प्रत्येक तुकड्यावर एकेक बसवायची. आत सिलिकॉनची सूक्ष्म चकती असते आणि तिच्यात केसाहून बारीक स्प्रिंगांवर तोललेलं एक इवलंसं वजन. पेटी कलली की ते वजन किंचित सरकतं आणि विजेच्या मापात फरक पडतो. तुमच्या मोबाइलचा पडदा फोन आडवा करताच फिरतो, तो याच जातीच्या चकतीमुळे. आमची चकती अधिक काटेकोर, एवढाच फरक. चांगल्या सेन्सरला अंशाचा हजारावा भाग कळतो. म्हणजे मीटरभर लांबीच्या पट्टीचं एक टोक मिलिमीटरच्या पन्नास-साठाव्या भागाइतकं उचललं, तरी त्याला पत्ता लागतो. प्रत्येक तुकडा किती कलला ते कळलं की गोलाचा आकार कसा बदलला, हे गणिताने काढता येतं. तड्यांवर वेगळे सेन्सर बसवतात. तडा किती रुंदावला ते ते सांगतात. आपल्या काचपट्टीचे हे नातू.

आता अडचण आवाज बाहेर पोहोचवण्याची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाडी बोगद्यात शिरली की गाडीतला रेडिओ खरखरू लागतो, हा अनुभव सर्वांचा आहे. खडकातून रेडिओलहरी जात नाहीत. बोगद्याच्या आतसुद्धा भिंतीला चिकटून बसवलेल्या पेटीचा आवाज फार लांब जात नाही. म्हणून या पेट्या पाण्याच्या बादल्यांसारखं काम करतात. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग लावून बादली हातोहात पुढे द्यावी, तसा एक पेटी आपला आकडा शेजारणीला देते, ती पुढचीला, आणि शेवटी तो तोंडाशी बसवलेल्या मोठ्या पेटीकडे पोहोचतो. मधली एखादी बंद पडली तर आकडा दुसरी वाट शोधतो. वीज मात्र बॅटरीचीच, आणि सर्वांत जास्त वीज खातं ते बोलणं. म्हणून सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो. ठरलेल्या वेळी जागा होतो, माप घेतो, सांगतो आणि पुन्हा झोपतो. वारंवार बोलायला लावलं तर बॅटरी लवकर संपते; क्वचित बोलायला लावलं तर नेमकी महत्त्वाची घटका हुकते. किती वेळाने जागं करायचं, हे ठरवण्यात इंजिनियरचा अनुभव कामी येतो.

केंब्रिज विद्यापीठातल्या अभियंत्यांनी अशी जाळी लंडनच्या ज्युबिली लाइनवर, बाँड स्ट्रीट आणि बेकर स्ट्रीट या स्थानकांमधल्या बोगद्यात बसवली, आणि प्रागच्या मेट्रोतही. पुढे लंडनमध्ये याहून नाजूक प्रसंग आला. तिथे टपाल वाहून नेणाऱ्या छोट्या आगगाडीचा एक बोगदा आहे. ती गाडी 1927 साली सुरू झाली आणि 2003 साली बंद पडली. लिव्हरपूल स्ट्रीटपाशी या जुन्या, बिडाच्या कड्यांच्या बोगद्याच्या खालून क्रॉसरेलच्या नव्या स्थानकाचा प्रशस्त बोगदा खणायचा होता. तेव्हा जुन्या बोगद्यात बिनतारी सेन्सर लावले गेले. खाली खोदकाम पुढे सरके तसतसं वरच्या कड्यांमध्ये काय चाललं आहे, ते वर बसून कळत होतं.

इथवर ऐकून वाटेल की प्रश्न सुटला. काचपट्टीच्या दोन्ही उणिवा गेल्या. किती हललं ते कळतं, आणि पाहायला जावंही लागत नाही.

पण एक घोळ उरतोच. एका कामावर मी नियंत्रण कक्षात बसलो होतो. पडद्यावर सगळे आकडे हिरवे. त्यांतला एक सेन्सर सकाळपासून एकच आकडा दाखवत होता, शेवटच्या दशांशापर्यंत तोच. खरा सेन्सर असं करत नाही. तापमानाने का होईना, तो थोडा डुलतो. चौकशी केली तेव्हा कळलं, तो आदल्या रात्रीच बंद पडला होता. नवा आकडा येत नाही तोवर शेवटचाच दाखवत राहायचं, अशी प्रोग्रॅमची रचना होती. माझ्या पोटात गोळा आला. तीस वर्षांपूर्वी मी जे केलं, तेच हे यंत्र करत होतं. तेही सही करून. त्या दिवशी मी एकच बदल करून घेतला: आकडा आला नाही, तर पडद्यावरची जागा कोरी दिसली पाहिजे.

दुसरा घोळ याहून मोठा आहे. 20 एप्रिल 2004 रोजी सिंगापूरमध्ये मेट्रोच्या सर्कल लाइनसाठी खणलेला खोल चर कोसळला आणि निकोल हायवे त्यात खचला. चार जण गेले. त्यांतला एक फोरमन आपल्या माणसांना बाहेर काढत होता. त्याचा मृतदेह अखेरपर्यंत मिळाला नाही. तिथे उपकरणं होती. भिंती अपेक्षेपेक्षा जास्त सरकत असल्याचं ती सांगत होती. अशा कामात हालचालीच्या मर्यादा आधीच ठरवलेल्या असतात: इथवर गेली तर सावध व्हा, त्यापुढे गेली तर थांबा. तिथे आकड्यांनी मर्यादा ओलांडली, तेव्हा फेरगणित झालं आणि मर्यादाच वाढवल्या गेल्या. चौकशी समितीने यावर बोट ठेवलं. काच तडकली म्हणून काचच बदलण्यातला हा प्रकार.

याच्या उलट उदाहरण लंडनचंच. 1990च्या दशकात ज्युबिली लाइन वाढवताना वेस्टमिन्स्टर स्थानकाचं खोदकाम बिग बेन घड्याळाच्या मनोऱ्याजवळ चाललं होतं आणि मनोरा कलू लागला. त्याच्या पायाखालच्या जमिनीत आधीच नळ्या घालून ठेवलेल्या होत्या. मोजमाप वाढलं की त्यांतून सिमेंटचं मिश्रण बेताबेताने दाबायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा आला तर कोणी काय करायचं, हे आधी ठरलेलं होतं. मनोरा सावरला.

मुंबईत मेट्रो-3ची साडेतेहतीस किलोमीटरची मार्गिका ऑक्टोबर 2024 ते ऑक्टोबर 2025 या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाली. गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारतींखालून ती जाते, आणि खोदकाम चालू असताना त्या इमारतींवर उपकरणं बसवलेली होती. पण बोगदा सुरू झाला म्हणजे मोजणं संपलं, असं नाही. शेजारी नवे टॉवर उभे राहणार, त्यांची तळघरं खणली जाणार. ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह हा रस्त्याचा बोगदाही मेट्रो-3च्या खालून जाणार, असं आखलेलं आहे. लंडनच्या टपालगाडीचा प्रसंग आता आपल्या दारात येतो आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. आपल्या इमारतीवर कधी कोणी सेन्सर बसवायला आलं, तर त्यांना चहा जरूर द्या, आणि तीन प्रश्न विचारा. आकडा कोण वाचतो? आकडा आला नाही तर काय दिसतं? आणि आकडा वाईट आला, तर काम थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच मिळतील. तिसऱ्याला जर ते म्हणाले, "वर कळवतो", तर तो "वर" म्हणजे कोण, त्याचं नाव लिहून घ्या.

त्या मुकादमाला काम थांबवायला कोणाची परवानगी लागली नव्हती. शिडी कुठे आहे, हे त्याला ठाऊक होतं, आणि आत कोणाची पोरं आहेत, हेही.