गोळीची वेळ
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काही जणी आल्या नाहीत, असे कळले. आलेल्यांनी घरी जाताना त्यांना सांगावे, एवढी विनंती.

एच.आय.व्ही. म्हणजे सारे संपले, ही समजूत आता जुनी झाली. सरकारी केंद्रांतून ही औषधे २००४ सालापासून विनामूल्य मिळतात. रोज नियमाने घेतली, तर रक्तातील विषाणू तपासणीत सापडू नयेत इतके कमी होतात. ते तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून दुसऱ्यास लागण होत नाही. पण गोळीने त्रास झाला की ती सोडावीशी वाटते. सोडू नये, आधी वेळ पाहावी.

पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळीत एफाव्हिरेंझ असे. तिने चक्कर येई, चित्रविचित्र स्वप्ने पडत. म्हणून ती निजतेवेळी, रिकाम्या पोटी घ्यायची. तुपातेलाच्या जेवणावर घेतली, तर औषध रक्तात अधिक उतरून त्रास वाढे. म्हणजे पुरणपोळीच्या दिवशी अधिकच जपायचे. २०२० नंतर बहुतेकींना डोल्युटेग्राव्हिरची गोळी मिळू लागली. तिने काहींची झोप उडते. अशांनी डॉक्टरांना विचारून ती सकाळी घ्यावी. तिला जेवणाचे बंधन नाही. संकष्टीलाही नुसत्या पाण्याबरोबर चालते. उपास मोडतो असे कुणी म्हटले, तरी गोळी चुकवू नये.

आता आपल्या बायकांची खरी अडचण. रक्तवाढीची लोहाची गोळी आणि हाडांची कॅल्शियमची गोळी आपल्यापैकी पुष्कळजणी घेतात. रिकाम्या पोटी ही आणि ती एकदम घेतली, तर एच.आय.व्ही.चे औषध अंगी लागत नाही. त्यांच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी ते घ्यावे. सकाळी आठला ते, दुपारी जेवणानंतर लोह, असे जमते. भरल्या पोटी मात्र दोन्ही बरोबर चालतात. पित्ताच्या पातळ औषधांना ही सवलत नाही. तिथे अंतर राखलेच पाहिजे. क्षयाची औषधे चालू झाली, तर डॉक्टरांना जरूर सांगावे. त्या वेळी डोल्युटेग्राव्हिर बहुधा दिवसातून दोनदा घ्यावे लागते.

एखादे दिवशी विसर पडला, तर आठवताच घ्यावी. पुढची वेळ चार तासांच्या आत आली असेल, तर ती सोडावी. दोन एकदम घेऊ नयेत.

वेळ ठरवताना घड्याळाइतकेच घरही पाहावे लागते. जिने घरी सांगितलेले नाही, तिला सर्वांदेखत गोळी काढता येत नाही. पाणी भरण्याची वेळ, मुले शाळेत गेल्यानंतरची वेळ, जी रोज खात्रीने एकटीला मिळते ती तिची. डबी चुलीजवळच्या फडताळात लपवू नये. उष्णतेने व ओलीने औषध बिघडते. आणि शेजारणीने ती पाहिलीच, तर तोंड मिटून राहावे. २०१७ च्या कायद्यानेही ही बाब गुप्त राखण्याचा हक्क तिला दिला आहे.

अंगावर पुरळ उठले किंवा डोळे पिवळे झाले, तर वेळ बदलत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कुणाला काही विचारायचे असेल, तर खुशाल विचारावे. इथे संकोच वाटला, तर १०९७ हा विनामूल्य दूरध्वनी आहे.